क्लिक केल्यावर गणित कोण करतं? वेबसाठी इंटरॅक्टिव्ह सांख्यिकी आलेख करायला शिकताना

वेबवर हलवता-दाबता येतील असे आलेख करायचे म्हटलं की आधी नावांचाच मारा होतो. डीथ्री, प्लॉटली, वेगा-लाइट, आल्टेअर, बोके, शायनी, डॅश, ईचार्ट्स, हायचार्ट्स, डेटारॅपर... यादी काही संपत नाही. नवशिका इथेच गोंधळतो आणि ज्याची नमुना-चित्रं सगळ्यांत देखणी, त्या साधनाच्या मागे लागतो. बरीच मेहनत झाल्यावर लक्षात येतं, की आपल्याला जे हवं होतं ते या साधनाचं कामच नव्हतं.

म्हणून साधनांची तुलना करत बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: वाचकाने क्लिक केलं, की त्यापुढचं गणित कोण करणार?

उत्तरं तीनच आहेत. पहिलं, कोणीच नाही. आकडेमोड तुमच्या संगणकावर आधीच उरकलेली असते. वाचकाला फक्त झाकता-उघडता येतं, मोठं करून बघता येतं, बिंदूवर माउस नेला की तपशील वाचता येतो. दुसरं, वाचकाचा ब्राउझर. डेटा पानासोबत त्याच्याकडे गेलेला असतो आणि बेरजा-सरासऱ्या तिथल्या तिथे नव्याने काढल्या जातात. तिसरं, कुठेतरी चालू असलेला सर्व्हर, ज्यावर आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा जागी असते आणि प्रत्येक क्लिकला उत्तर पाठवते.

साध्या बार चार्टला हा फरक फारसा जाणवत नाही. सांख्यिकी आलेखात मात्र सरासरी असते, ट्रेंडलाइन असते, तिच्याभोवती अनिश्चिततेचा पट्टा असतो. वाचकाने डेटाचा एक तुकडा निवडला तर या गोष्टी बदलल्या पाहिजेत की नाही, यावर साधनाची निवड ठरते. एकच डेटासेट घेऊन या तिन्ही वाटा चालून बघू. आर किंवा पायथनची तोंडओळख असेल तर पुरे. कमांड अक्षरशः लिहून देत नाही. कोणतं फंक्शन कशासाठी, तेवढं सांगतो. नेमकं लेखन त्या-त्या पॅकेजच्या मदत-पानावर मिळतं आणि आवृत्तीनुसार बदलतंही.

पायरी १: आधी हलणार नाही असा आलेख

डेटासेट आहे पेंग्विनचा. अंटार्क्टिकातल्या पामर केंद्राजवळच्या तीन बेटांवर २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या पेंग्विनच्या ३४४ नोंदी त्यात आहेत. जाती तीन: अॅडेली, जेंटू आणि चिनस्ट्रॅप. चोचीची लांबी, चोचीची जाडी, पंखांची लांबी, वजन, लिंग आणि बेट असे रकाने आहेत. आरच्या ४.५ या आवृत्तीपासून हा डेटा आरमध्येच येतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर 'पामरपेंग्विन्स' हे पॅकेज घ्या. पायथनमध्ये सीबॉर्नच्या नमुना डेटासेटमध्ये तो आहे.

आरमधल्या जीजीप्लॉट-टू या आलेखांच्या पॅकेजमध्ये एक स्कॅटर प्लॉट (प्रत्येक नोंदीचा एक बिंदू) काढा. आडव्या अक्षावर चोचीची लांबी, उभ्या अक्षावर जाडी, रंग अजून नको. त्यावर सरळ ट्रेंडलाइन टाका. रेषा खाली उतरते. सहसंबंध (दोन मापं किती सोबत बदलतात याचा उणे एक ते एक यांमधला आकडा) साधारण उणे ०.२४ येतो. म्हणजे लांब चोच, बारीक चोच? आता बिंदूंना जातीप्रमाणे रंग द्या आणि प्रत्येक जातीची वेगळी रेषा काढा. तिन्ही रेषा चढत्या! अॅडेलीत सहसंबंध सुमारे ०.३९, बाकी दोन्हींत ०.६५ च्या आसपास. सांख्यिकीत याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. इथे कारण सरळ आहे. जेंटूची चोच लांब पण बारीक असते, अॅडेलीची आखूड पण जाड. दोन्ही ढीग एकत्र केले की त्यांच्यामधला उतार दिसतो आणि प्रत्येक ढिगातला चढ त्यात बुडून जातो.

ही गोष्ट रंग दिलेल्या साध्या चित्रातही कळते, हे ध्यानात ठेवा. इंटरॅक्टिव्ह करण्याआधी साधा आलेख काढून बघायची सवय लावा, आणि त्यातच उत्तर मिळत असेल तर बिनदिक्कत तिथेच थांबा. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातले आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये एका भाषणात वाचकांबद्दल सांगितलं होतं, की बहुतेक जण फक्त स्क्रोल करतात आणि टूलटिपमध्ये (माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत) ठेवलेलं कोणी पाहणारच नाही असं धरून चालावं. अभ्यासकांसाठीचा आलेख असेल तर चित्र थोडं वेगळं असतं, ते लोक खोदून बघतात. तरीही मुख्य मुद्दा क्लिकच्या मागे दडवू नये.

पायरी २: एका ओळीत इंटरॅक्टिव्ह

आता आरमध्ये प्लॉटली पॅकेज बसवा. वर काढलेला आलेख एका नावाने साठवा आणि तो 'जीजीप्लॉटली' या फंक्शनला द्या. झालं. बिंदूवर माउस नेला की आकडे दिसतात, चौकोन ओढला की तो भाग मोठा होतो, रिकाम्या जागी डबल-क्लिक केलं की आलेख पूर्ववत. लेजंडमध्ये (रंगांच्या सूचीत) जेंटूवर एकदा क्लिक केलं की जेंटू झाकला जातो, डबल-क्लिक केलं की तो एकटाच उरतो. ही शेवटची सोय वाचकांना सहसा ठाऊक नसते, तेव्हा आलेखाखाली एका ओळीत सांगून टाका.

प्लॉटलीची जावास्क्रिप्ट लायब्ररी २०१५ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुली झाली आणि आतून ती डीथ्रीवर उभी आहे. पायथनवाल्यांनी याच जागी प्लॉटली एक्सप्रेस वापरावं. तिथे वेगळं रूपांतर लागत नाही, आलेख मुळातच इंटरॅक्टिव्ह निघतो.

आता टूलटिप. आपोआप येणारी टूलटिप म्हणजे रकान्यांची कच्ची नावं आणि कधी कधी दशांशांची लांबच लांब शेपूट. ती तशीच सोडू नका. जीजीप्लॉटमध्ये 'टेक्स्ट' नावाचं एस्थेटिक (डेटा आलेखाच्या एखाद्या गुणाशी जोडणारी सूचना) देऊन हवा तो मजकूर तयार करता येतो: जात, बेट, 'चोच ३९.१ बाय १८.७ मिमी' असं. मग जीजीप्लॉटलीला सांगायचं, की टूलटिपमध्ये फक्त हाच टेक्स्ट दाखव. इथे एक खड्डा आहे. हे टेक्स्ट तुम्ही मुख्य जीजीप्लॉट ओळीत टाकलंत, तर प्रत्येक बिंदूचा मजकूर वेगळा असल्यामुळे जीजीप्लॉट प्रत्येक बिंदूला वेगळा गट समजतो आणि ट्रेंडलाइन गायब होते. ते फक्त बिंदूंच्या थरात टाका. मग आर कुरकुर करतं, की हे एस्थेटिक मला माहीत नाही, दुर्लक्ष करतोय. ती सूचना निर्धास्तपणे सोडून द्या, प्लॉटलीला टेक्स्ट पोचतं.

रूपांतरात थोडी गळतीही होते. जीजीप्लॉटचं उपशीर्षक आणि तळटीप प्लॉटलीत येत नाहीत. ती आलेखात कोंबण्यापेक्षा पानावरच्या मजकुरात लिहिलेली बरी. वर उजवीकडे येणारी बटणांची पट्टीही बहुतेक वेळा नकोशी असते. कॉन्फिग फंक्शनमधून ती बंद करता येते.

पायरी ३: रेषा हलत का नाही?

आता एक प्रयोग करा. आलेखात सर्व पेंग्विनची मिळून एक काळी ट्रेंडलाइन ठेवा आणि लेजंडवर क्लिक करून जेंटू झाका. पडद्यावर उरले अॅडेली आणि चिनस्ट्रॅप. या दोन जातींचा एकत्र कल किंचित चढता आहे. काळी रेषा मात्र अजूनही उतरतीच! कारण ती आरने सगळ्या नोंदींवरून एकदाच काढून दिलेली आहे. प्लॉटलीने बिंदू झाकले, गणित केलं नाही.

पाहणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही. त्याची समजूत अशीच होणार, की दिसणाऱ्या बिंदूंची ही रेषा आहे. आलेख दिसायला निर्दोष आणि सांगतो खोटं. नवशिक्यांच्या आलेखांत हा दोष सर्रास असतो आणि त्यावर कोणी बोट ठेवत नाही, कारण एरर कुठेच येत नाही. अशा वेळी एक तर एकत्रित रेषा ठेवूच नका, प्रत्येक जातीची रेषा तिच्या बिंदूंसोबत झाकली-उघडली जाईल अशी रचना करा. किंवा निवडीप्रमाणे पुन्हा गणित करणारं साधन घ्या.

पायरी ४: ब्राउझरकडून गणित करून घेणं

इथे वेगा-लाइट कामाला येतं. हे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांचं काम आणि पायथनमधलं आल्टेअर हे त्याचंच रूप. पद्धत अशी, की आलेख 'काढायचा' नसतो, त्याचं वर्णन करायचं असतं: खूण बिंदूची, आडवा अक्ष या रकान्याचा, रंग त्या रकान्याचा. हे वर्णन ब्राउझरकडे जातं आणि बाकी तो बघतो. वर्णनात गाळणी, सरासरी, इतकंच काय, ट्रेंडलाइन काढायची पायरीही लिहिता येते. त्यामुळे निवड बदलली की पुढचं सगळं आपोआप पुन्हा होतं.

एखादी गोष्ट बसवण्याआधी चव घ्यायची असेल तर वेगा एडिटर ब्राउझरमध्येच चालतो. डावीकडे वर्णन, उजवीकडे आलेख. तयार उदाहरणं उघडून एकेक शब्द बदलत बसलं तरी बरंच शिकून होतं.

आपल्या पेंग्विनसाठी दोन आलेख जोडू. खाली बेटांचा बार चार्ट: बिस्को १६८, ड्रीम १२४, टॉर्गरसन ५२ नोंदी. वर तोच चोचीचा स्कॅटर प्लॉट आणि त्याची ट्रेंडलाइन. बेटाच्या बारवर क्लिक केलं की वरचे बिंदू गाळले जावेत आणि रेषा नव्याने काढली जावी.

आधी डेटा साफ करा. दोन नोंदींत चोचीची मापंच नाहीत, त्या काढून टाका. मग बार चार्ट त्या दोनने कमी दाखवेल. ते ठीकच, दोन्ही आलेख एकाच डेटावर चालले पाहिजेत. त्यानंतर आल्टेअरमध्ये एक 'पॉइंट' प्रकारची निवड तयार करा, तिला सांगा की तू 'बेट' या रकान्यावर काम करायचं, आणि ती बार चार्टला 'अॅड-पॅराम्स' ने जोडा. बिंदूंच्या थराला या निवडीची गाळणी लावा. रेषेच्या थरालाही तीच गाळणी लावा आणि तिच्यानंतर रिग्रेशनची, म्हणजे ट्रेंडलाइन काढायची, पायरी लिहा. क्रम महत्त्वाचा: आधी गाळणी, मग रिग्रेशन. उलटं लिहिलंत तर रेषा सगळ्या डेटाची निघेल आणि आपण फिरून तिसऱ्या पायरीवरच.

पहिल्यांदा आलेख उघडलात की सगळे बिंदू वरच्या उजव्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले दिसतील. वेगा-लाइट अशा आलेखात अक्ष शून्यापासून सुरू करतं, म्हणून. शून्याचा आग्रह बंद करा आणि अक्षांच्या सीमा स्वतः ठरवून द्या: लांबी ३० ते ६०, जाडी १२ ते २२. सीमा ठरवून दिल्या नाहीत, तर प्रत्येक क्लिकला अक्ष बदलत राहतात आणि दोन बेटांची तुलना करणाऱ्याचं डोकं फिरतं.

आता टॉर्गरसनवर क्लिक करा. तिथे फक्त अॅडेली आहेत, रेषा चढते. बिस्कोवर क्लिक करा. तिथे अॅडेली आणि जेंटू एकत्र, रेषा धाडकन खाली. ड्रीमवर अॅडेली आणि चिनस्ट्रॅप, रेषा पुन्हा वर. रिकाम्या जागी क्लिक केलं की निवड सुटते आणि सगळा डेटा परत येतो. जेंटू ज्या बेटावर मिसळले, तिथेच उतार उलटा होतो. हे वाचकाने स्वतः क्लिक करून शोधलं की जे समजतं, ते परिच्छेद वाचून समजत नाही. इंटरॅक्टिव्ह करण्याचा खटाटोप इथे वसूल होतो.

आलेख असे एकमेकांना बांधायची कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. स्कॅटर प्लॉटवर ब्रश फिरवून बाकीच्या आलेखांत तेच बिंदू उजळवण्याबद्दल बेकर आणि क्लीव्हलंड यांनी १९८७ मध्येच लिहिलं होतं. आज तो ब्रश आल्टेअरमध्ये 'इंटरव्हल' निवड म्हणून एका ओळीत मिळतो, आणि म्हणूनच जपून वापरायचा. समजा स्कॅटर प्लॉटवरच चौकोन ओढून त्यातल्या बिंदूंची ट्रेंडलाइन काढायची सोय तुम्ही दिलीत. वाचक चौकोन ओढतो तेव्हा तो उभ्या अक्षावरही बिंदू कापतो, म्हणजे ज्याचा कल बघायचा त्याच मापावरून नोंदी निवडतो. अशी रेषा हमखास वाकडी येते. ब्रश फक्त आडव्या अक्षापुरता ठेवा, किंवा बेट, जात अशा तिसऱ्याच रकान्यावरून निवड करायला लावा. आणि निवडलेल्या नोंदींची संख्या आलेखावर मोठ्या अक्षरांत दाखवा. दोन बिंदूंमधून जाणारी रेषा नेहमीच अचूक दिसते.

आल्टेअरचे तीन अडथळे आधीच सांगून ठेवतो. एक, पाच हजारांहून जास्त ओळी दिल्या की ते नकार देतं. कारण सगळा डेटा वर्णनाच्या आत लिहिला जातो आणि फाइल फुगते. मर्यादा उठवता येते, पण त्याऐवजी डेटा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिचा पत्ता देणं चांगलं. दोन, रकान्याच्या नावात टिंब किंवा चौकोनी कंस असेल तर वेगा-लाइट त्याचा भलताच अर्थ लावतं आणि आलेख रिकामा येतो. नावं साधी ठेवा. तीन, २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत निवडीचं व्याकरण बदललं. ज्या पाठात 'अॅड-सिलेक्शन' दिसेल तो जुना समजा.

पायरी ५: सर्व्हर, पण अगदी लागलाच तर

ब्राउझरला न झेपणारं गणित असेल, जसं हजार वेळा बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून गणित) करायचं किंवा मिश्र मॉडेल (गटागटांतला फरकही धरणारं मॉडेल) बसवायचं, तर आर किंवा पायथनच लागतं. आरसाठी शायनी, २०१२ पासून आहे आणि आता पायथनमध्येही चालतं. पायथनसाठी डॅश आणि स्ट्रीमलिट. शायनीची कल्पना सुटसुटीत आहे: एका बाजूला इनपुट, म्हणजे स्लायडर, यादी, बटणं. दुसऱ्या बाजूला आउटपुट, म्हणजे आलेख, तक्ते. मध्ये कोणतं आउटपुट कोणत्या इनपुटवर अवलंबून आहे याचा हिशेब शायनी स्वतः ठेवतं आणि तेवढंच पुन्हा काढतं.

सर्व्हरची दुसरी गरज गोपनीयतेची. पहिल्या दोन वाटांवर डेटा वाचकाच्या ब्राउझरमध्ये जातो, आणि जे ब्राउझरमध्ये गेलं ते जाहीर झालं. आलेखात फक्त सरासरी दिसत असली तरी पानाचा सोर्स उघडून कोणीही मूळ ओळी उचलू शकतो. रुग्णांच्या, विद्यार्थ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या नोंदी असतील तर एक तर आधीच गोळाबेरीज करून तेवढीच पाठवा, किंवा डेटा सर्व्हरवर ठेवा. यात हयगय चालत नाही.

मात्र सर्व्हर म्हणजे कायमची देखभाल. तो चालू ठेवावा लागतो, पॅकेजं अद्ययावत करावी लागतात, एकदम पन्नास जण आले तर तो हाफतो. मोफत जागांवर अॅप काही वेळाने झोपतं आणि पहिल्या वाचकाला ते जागं होईपर्यंत ताटकळावं लागतं. याच्या अधेमधे शायनीलाइव्ह नावाची सोय आहे: आर किंवा पायथनच वेबअसेम्ब्लीच्या (ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडच्या) रूपात वाचकाच्या ब्राउझरमध्ये उतरतं, सर्व्हर लागत नाही. पहिलं पान उघडायला वेळ लागतो आणि डेटा उघडाच राहतो, पण वर्गात शिकवायच्या छोट्या अॅपसाठी मला ते सर्वांत सोयीचं वाटतं.

मग डीथ्रीचं काय?

डीथ्री २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये माइक बॉस्टॉक आणि सहकाऱ्यांनी तयार केलं आणि वेबवरची कित्येक नावाजलेली ग्राफिक्स त्यातूनच आली. पण ती आलेखांची लायब्ररी नाही. तिच्यात 'स्कॅटर प्लॉट काढ' अशी आज्ञाच नाही. डेटाला पानावरच्या आकारांशी बांधणं, मापपट्ट्या, अक्ष, नकाशांची प्रक्षेपणं असे सुटे भाग आहेत, जोडणी तुमची. जावास्क्रिप्ट (ब्राउझरची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि एसव्हीजी (पानावर आकार काढायची पद्धत) नीट येत नसताना तिच्यापासून सुरुवात करणं म्हणजे हौसेने अंगावर घेतलेलं काम. डीथ्रीच्या जवळ राहून थोडक्यात काम भागवायचं असेल तर त्याच लोकांचं ऑब्झर्व्हेबल प्लॉट बघा.

कोड अजिबात नको असेल तर डेटारॅपर किंवा फ्लरिश. तक्ता चिकटवा, प्रकार निवडा, तयार झालेला तुकडा पानात बसवा. बातमी किंवा अहवालातल्या नेटक्या आलेखाला डेटारॅपर उत्तम, मोबाइलवरही शोभतो. सांख्यिकीच्या अंगाने मात्र ते बरंचसं पहिल्या वाटेवरचंच साधन, गणित घरून करून न्यायचं. ईचार्ट्स आणि चार्टजेएस ही डॅशबोर्ड बनवणाऱ्या प्रोग्रॅमरची लाडकी, हायचार्ट्सही. फक्त हायचार्ट्सला व्यावसायिक वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो, हे आधी बघा.

साधन जिवंत आहे का, हेही तपासा. डीथ्रीच्या आधी त्याच मंडळींचं प्रोटोव्हिस होतं, डीथ्री आल्यावर ते थांबलं. आरमध्ये जीजीव्हिस मोठ्या अपेक्षेने आलं आणि निद्रिस्त झालं. फ्लॅशमध्ये केलेलं सगळं २०२० संपताना अंधारात गेलं. शेवटची आवृत्ती कधी आली आणि तक्रारींना कोणी उत्तर देतं का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो.

पायरी ६: पानावर चढवण्याआधी

फाइल साठवताना लायब्ररी आत घ्यायची की बाहेरून मागवायची, हे ठरवावं लागतं. आरमध्ये एचटीएमएल-विजेट्सच्या 'सेव्ह-विजेट' मध्ये सेल्फ-कंटेन्ड पर्याय चालू असेल तर सगळं एका फाइलमध्ये येतं. पायथनमधल्या प्लॉटलीची 'राइट-एचटीएमएल' ही कमांडही मूळात तसंच करते, आणि प्लॉटलीची पूर्ण लायब्ररी तीन एमबीहून जड आहे. एकच फाइल मेलने पाठवायची असेल तर हे सोयीचं. पण एका पानावर सहा आलेख असतील तर तेच ओझं सहा वेळा कशाला? तिथे सीडीएनचा (लायब्ररी बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरवरून मागवायचा) पर्याय द्या आणि आवृत्तीचा क्रमांक पक्का लिहा. नावात 'लेटेस्ट' असलेला प्लॉटलीचा जुना पत्ता अजून अनेक पाठांत दिसतो. तो १.५८ वरच गोठलेला आहे, नव्या सोयी त्यात नाहीत.

डेटा वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि पान डबल-क्लिक करून उघडलं, तर आलेख कोरा दिसतो. घाबरू नका, कोड बरोबर असतो. सुरक्षेपायी ब्राउझर डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचू देत नाही. पायथनमधला छोटा एचटीटीपी सर्व्हर त्या फोल्डरमध्ये चालू करा आणि लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर पान बघा. पहिल्या दोन वाटांवरचे आलेख शेवटी साध्या फाइलीच असतात, त्यामुळे गिटहब पेजेससारख्या कुठल्याही स्थिर जागेवर ते चालतात.

बिंदू किती, तेही मोजा. एसव्हीजीत प्रत्येक बिंदू पानाचा स्वतंत्र घटक असतो. काही हजारांपर्यंत ठीक, पुढे पान जड होतं. मग कॅनव्हास (सगळे बिंदू एकाच चित्रात रंगवणं), आणि लाखांत गेलात की वेबजीएल (ग्राफिक्स कार्डकडून रंगवून घेणं). प्लॉटली एक्सप्रेस हजारापेक्षा जास्त बिंदू दिसले की स्कॅटर प्लॉटसाठी स्वतःहून वेबजीएलकडे वळतं. लाखभर बिंदू एकमेकांवर पडून नुसता डाग दिसत असेल, तर वेग वाढवण्यापेक्षा आलेखाचा प्रकार बदलायची गरज असते. षटकोनी खाने किंवा घनतेचा नकाशा काढा.

मराठीत नावं द्यायची असतील तर चांगली बातमी: ब्राउझर जोडाक्षरं आणि वेलांट्या व्यवस्थित मांडतो, कारण ते काम पानावरच्या इतर मजकुरासारखंच होतं. फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरीसारखा वेबफॉन्ट ठरवून द्या, वाचकाच्या यंत्रावर काय आहे याच्या भरवशावर राहू नका. मोठे आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी हवे असतील तर डीथ्रीच्या आकडे-मांडणीत गट तीन, दोन, दोन असे ठरवता येतात.

रंगांसाठी लाल-हिरव्याची जोडी टाळा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण आठ टक्क्यांना त्यातला फरक नीट दिसत नाही. ओकाबे-इटो ही आठ रंगांची पट्टी आरमध्ये आधीपासून आहे, ती वापरा. शिवाय प्रत्येक जातीला वेगळा आकार द्या: गोल, त्रिकोण, चौकोन. स्क्रीन-रीडर वापरणाऱ्यांसाठी आलेखाचा मुद्दा सांगणारी दोन वाक्यं आणि खाली डेटाचा तक्ता ठेवा.

शेवटी पान फोनवर उघडा. टचस्क्रीनवर माउस 'नेता' येत नाही, त्यामुळे टूलटिप टॅप केल्यावर येते का आणि बोटाखाली झाकली जात नाही ना, ते बघा. आलेखावरून बोट सरकवलं की पान सरकण्याऐवजी आलेखच मोठा-लहान होऊ लागला, तर फोनसाठी झूम बंद करा. बेटांच्या बारपैकी टॉर्गरसनचा बार सर्वांत लहान, त्यावर अंगठा नेमका बसतो का? बसत नसेल तर बार आडवे करा आणि क्लिक झेलणारं क्षेत्र पूर्ण पट्टीभर वाढवा.